कंपाउंडरची जागा रिकामी झाली तेव्हा : खाडीकाठच्या एका दवाखान्याचं प्रकरण

पार्श्वभूमी

मालवण आणि देवगडच्या मधे खाडीला लागून एक गाव आहे, तिथे माझ्या वडिलांनी १९६८ साली दवाखाना काढला. गावाचं नाव देत नाही, आणि माणसं ओळखू येतील असे तपशील बदललेत, बाकी घडलं ते तसंच लिहितेय. सिंधुदुर्ग जिल्हा तेव्हा झालाच नव्हता, तो १९८१ मधे झाला, तोवर आम्ही रत्नागिरीतच. औषधं कोल्हापूरहून एसटीच्या पार्सलने यायची, घाटात दरड कोसळली की चार चार दिवस पार्सल नाही, त्यामुळे जे आहे त्यातून औषध बनवून देणारा माणूस दवाखान्यात असणं ही चैन नव्हती, त्याच्याशिवाय दवाखाना चाललाच नसता.

तो माणूस म्हणजे कंपाउंडर. आमच्याकडचे भाऊ. १९७१ मधे सतराव्या वर्षी आले, शिक्षण आठवी, वडील रापणीला, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढायच्या मासेमारीला, जायचे. आधीच्या म्हाताऱ्या कंपाउंडरच्या हाताखाली दोन वर्षं बाटल्या धुतल्या आणि मग ड्राम, औंस, ग्रेन ही औषधाची मापं शिकले. ज्यांनी हे पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते, त्या काळी पेशंट घरून रिकामी बाटली धुऊन आणायचा, डॉक्टर केसपेपरवर लिहायचे, आणि मधल्या खिडकीतून कंपाउंडर मिक्श्चर भरून बाटलीला कागदाची पट्टी चिकटवून द्यायचा. पट्टी घडी घालून कात्रीने अशी कापलेली की उलगडली की दोन्ही कडांना सारख्या खाचा, एक खाच म्हणजे एक डोस. वाचता येत नसलं तरी चालायचं, खाचेपर्यंत प्यायचं आणि थांबायचं.

पोटासाठीचं गुलाबी मिक्श्चर तर अख्ख्या पंचक्रोशीला माहीत होतं. त्यात सोडा बायकार्ब, वेलचीचं टिंक्चर आणि पेपरमिंटचं पाणी. गुलाबी रंग त्या टिंक्चरचा, कारण त्यात कोचिनील घालतात, पण लोक म्हणायचे भाऊंच्या हाताचा गुण.

भाऊ नक्की काय करायचे

हे नीट लिहायला हवं, कारण पुढची सगळी चूक इथूनच झाली. मला वाटायचं मला माहितेय ते काय करतात.

मिक्श्चर बनवणं, पुड्या बांधणं, मलम घोटणं हे तर दिसायचंच. चूर्णाचा ढीग काचेवर पसरून स्पॅच्युलाने आठ सारखे भाग करायचे, आणि खरंच सारखे असायचे, मी लहानपणी वजन करून बघितलेत. आमच्याकडे पावसाळ्यात सायट्रेट पाणी धरतं, दोन दिवसांत पुडीचा चिखल होतो, म्हणून जूनपासून दसऱ्यापर्यंत ते आत मेणकागद आणि वर साधा कागद अशी दुहेरी पुडी बांधायचे. ॲस्पिरिनची बरणी उघडली की आधी वास घ्यायचे. व्हिनेगरसारखा आंबट वास आला म्हणजे दमटपणाने गोळी फुटायला लागली, मग बरणी उकिरड्यावर, नुकसान किती झालं हे वडिलांना नंतर सांगायचे. काचेच्या सिरिंजा उकळायच्या, सुया बोथट झाल्या की दगडावर घासून धार लावायची. शिंगाळा माशाचा काटा हाताला लागून बोंब मारत आलेल्या खलाशाचा हात सोसेल तेवढ्या कढत पाण्यात धरून बसायचं, कारण त्या काट्याचं विष उष्णतेने निकामी होतं आणि कळ बसते, हे त्यांना माझ्या एमबीबीएसच्या कितीतरी आधीपासून माहीत होतं.

पण ह्या सगळ्याच्या मधे ते बोलत असायचे आणि त्याची कुठे नोंद नव्हती. पुडीवर पेनने सूर्य काढला म्हणजे सकाळची, अर्धा सूर्य म्हणजे दुपारची, चंद्रकोर म्हणजे रातची. मग पेशंटला विचारायचे, "मी काय सांगलंय, आता तू सांग." तिने बरोबर सांगेपर्यंत पुडी हातातून सोडायची नाही. महिन्याने आली की उरलेल्या गोळ्या मोजायचे. "अगो, गोळी उरली कशी? संपाक व्हयी होती मा?" प्रेशरवाल्याला सुकं बांगडं आणि खारं किती खातोस ते घरच्यांसमोर विचारायचे, एकटा असला की तो खोटं सांगणार हे ठरलेलं. आणि कोण बरेच दिवसांत फिरकलं नाही हे त्यांच्या डोक्यात असायचं, संध्याकाळी सायकलवरून जाताना त्या घरासमोर घंटी वाजायची.

कंपाउंडर का संपला

आमच्या एका दवाखान्याची ही गोष्ट नाही. फार्मसी ॲक्ट १९४८ चा. त्याच्या पहिल्या नोंदवहीत शिक्षण नसलेल्या पण ५ वर्षं कंपाउंडिंगचा अनुभव असलेल्यांना नाव घालायची सोय होती, भाऊंच्या आधीच्या पिढीतले काहीजण तसे फार्मासिस्ट झाले. भाऊ कामाला लागले तोवर ती गाडी सुटलेली. मग ह्या कायद्याचं ४२ वं कलम १ सप्टेंबर १९८४ पासून लागू झालं, म्हणजे नोंदणी असलेल्या फार्मासिस्टशिवाय कोणी डॉक्टरच्या चिठ्ठीवरचं औषध बनवायचं किंवा द्यायचं नाही. डॉक्टरने स्वतःच्या पेशंटला औषध द्यायला सूट राहिली, त्या सुटीच्या आधारावर खेड्यातले दवाखाने आणि तिथले कंपाउंडर आणखी २५-३० वर्षं तगले. सरकारी दवाखान्यात तर पदाचं नावच बदललं, औषध निर्माण अधिकारी झालं, त्याला बारावी सायन्सनंतर दोन वर्षांचं डी फार्म, म्हणजे फार्मसीचा डिप्लोमा, आणि वर ५०० तासांचं ट्रेनिंग लागतं.

दुसऱ्या बाजूने कामच आटत गेलं. कंपन्यांच्या तयार गोळ्या आणि सिरप आले, मिक्श्चर मागे पडलं. एचआयव्हीची भीती आली तशी काचेची सिरिंज गेली, डिस्पोजेबल आली, आणि ते उत्तमच झालं, उकळलेल्या सिरिंजांनी किती जणांना कावीळ दिली असेल ह्याचा विचार केला तरी पोटात गोळा येतो. मी जुन्या दिवसांचे गोडवे गायला बसलेली नाही. कितीतरी मिक्श्चरांचा उपयोग बेताचाच होता.

२००९ मधे वडिलांचं वय झालं म्हणून मी मुंबईहून परत आले तेव्हा भाऊंच्या मागच्या फळीवर मोठ्या बरण्या होत्या, हजार हजार सुट्या गोळ्यांच्या, आणि भाऊ त्यातून मोजून कागदाच्या पुडीत द्यायचे. मला ते खटकायचं. पण वडिलांचा दवाखाना, जवळपास चाळीस वर्षं तिथे काम करणारा माणूस, मी काल आलेली, म्हणून दोन वर्षं गप्प बसले. हा पहिला निर्णय, गप्प बसण्याचा, आणि तोही निर्णयच असतो.

अडचण कुठे आली

२०११ चा गणपती. सत्तरीच्या एक काकी, डायबेटीस, बारा वर्षं आमच्याच पेशंट. त्या मे महिन्यात मुलाकडे डोंबिवलीला गेल्या होत्या, तिथल्या डॉक्टरांनी विचारलं कुठली गोळी चालू आहे, काकींनी पुडी दाखवली. पुडीवर एक सूर्य. नाव नाही, किती मिलीग्रॅम नाही. डॉक्टर तरी काय करणार, त्यांनी सांगितलं हे बंद करा आणि आपली ग्लिमेपिराइड लिहून दिली. काकी गावी आल्या आणि स्ट्रिप कपाटात ठेवून भाऊंची पुडी परत सुरू केली, कारण भाऊंची गोळी ती भाऊंची गोळी.

चतुर्थीला मुलगा गावी आला, कपाटात भरलेली स्ट्रिप बघून चिडला, आणि त्या दिवसापासून स्वतःच्या हाताने आईला गोळी द्यायला लागला. काकी त्याचं मन राखायला ती घ्यायच्या आणि मागच्या दारी जाऊन पुडीतलीही घ्यायच्या. दोन्ही एकाच जातीची औषधं, दोन्ही साखर खाली ओढणारी. दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमी. काकींचा उपास.

संध्याकाळी मला बोलावणं आलं तेव्हा काकी ओसरीवर घामाने चिंब, डोळे अर्धवट, सून म्हणत होती "उपासान चक्कर इली आसतली." घरात आरत्या चालू होत्या, झांजांच्या आवाजात मला काकींचं पुटपुटणं ऐकू येत नव्हतं. बोटाला सुई टोचली, शुगर ३८. शिरेतून २५ टक्के डेक्स्ट्रोज दिलं, पाचेक मिनिटांत काकींनी डोळे उघडून विचारलं की आरती संपली काय. सगळे हसले, मला रडू यायच्या बेतात.

पण ह्या गोळ्यांचं असं असतं की म्हाताऱ्या माणसात, त्यातून किडनी थोडी थकलेली असली तर, असर दिवसभर आणि कधी त्याहून जास्त राहतो, साखर परत परत खाली जाते. म्हणून तालुक्याला ॲडमिट केलं. रात्री तिथल्या ड्यूटीवरच्या डॉक्टरांचा फोन आला, "मॅडम, स्ट्रिप कळली, पण पुडीत काय आहे?"

आणि मला खात्रीने सांगता येईना. केसपेपर दवाखान्यात, त्यावर वडिलांच्या काळापासून चालत आलेली एका अक्षराची खूण, शिवाय त्या वर्षी मधे एकदा माल मिळाला नव्हता म्हणून बरणी बदलली होती हे मला अर्धवट आठवत होतं. भाऊंच्या घरी फोन लावला. ते भजनाला गेलेले, माणूस पाठवून आणले. "बाय, ती ग्लिबेन, पाचाची. काकीक सकाळी एकच देतंय मी, दुसरी नाय." एका दमात सांगितलं.

काकी तिसऱ्या दिवशी घरी आल्या. गोव्याला बांबोळीच्या मोठ्या हॉस्पिटलात हलवायची वेळ आली नाही. पण त्या रात्री मला झोप लागली नाही, कारण अख्ख्या दवाखान्याचं औषधाचं रेकॉर्ड एका माणसाच्या डोक्यात होतं आणि तो माणूस ५७ वर्षांचा होता.

काय काय करता आलं असतं

पहिला मार्ग, आहे तेच चालू ठेवायचं आणि पुडीवर नाव लिहायचं. सोपा, बिनखर्चाचा. पण सुट्या गोळ्यांचा दमटपणाचा प्रश्न तसाच, आणि भाऊंचं इंग्रजी स्पेलिंग कच्चं, एक अक्षर चुकलं तर औषध वेगळं.

दुसरा, दवाखान्यात औषध देणं बंद, फक्त चिठ्ठी. माझ्या बॅचचे शहरातले सगळे हेच करत होते. पण सगळ्यात जवळचं मेडिकल ११ किलोमीटरवर, एसटी दिवसातून तीन, कोळणीने मासे विकायचे की गोळ्या आणायला जायचं?

तिसरा, आपणच लायसन्स काढून मेडिकल चालू करायचं. त्याला कमीत कमी १० चौरस मीटर जागा, फ्रिज आणि नोंदणी असलेला फार्मासिस्ट लागतो. जागा होती. फार्मासिस्ट मिळणं कठीण, आमच्याकडची डी फार्म झालेली मुलं गोव्याला वेर्ण्याच्या कंपन्यांत जातात, तिथे पगार बरा आणि बसही मिळते.

चौथा मार्ग माझ्या एका मित्राने सुचवला, भाऊंना काही रक्कम देऊन मोकळं करायचं. मी त्यावर त्याच्याशी भांडले. पण खरं सांगायचं तर तिसरा मार्ग घेतला की भाऊंच्या हातातलं काम जाणारच होतं, मी फक्त ते शब्दांत म्हणत नव्हते.

आम्ही काय केलं

तिसरा मार्ग घेतला. शेजारच्या गावातली डी फार्म झालेली मुलगी मिळाली, घरी आजारी आई म्हणून तिला बाहेर जाता येत नव्हतं. बाजूची खोली नीट केली, २०१२ च्या मार्चमधे लायसन्स आलं. बरण्या काढून टाकल्या. सगळं स्ट्रिपमधे, प्रत्येक केसपेपरवर औषधाचं पूर्ण नाव आणि प्रमाण, प्रत्येक डायबेटीसवाल्याला खिशात ठेवायचं कार्ड. भाऊंना केसपेपर काढायला आणि नंबर लावायला बसवलं, पगार तोच.

हा दुसरा निर्णय, आणि ह्याच्यावर मी सगळ्यात जास्त विचार केलाय. मी भाऊंना सांगितलं. विचारलं नाही. एका शनिवारी दवाखाना बंद झाल्यावर समोर बसवून, कायदा काय, धोका काय, उद्यापासून काय, असं सगळं नीट समजावलं, ते मान हलवत राहिले. शेवटी एवढंच म्हणाले, "मगे खिडकी बंद करतलास?" मी म्हटलं हो भाऊ, आता तिची गरज नाही. ती डॉक्टरच्या खोलीतून कंपाउंडरच्या खोलीत केसपेपर सरकवायची लाकडी खिडकी. सुताराने सोमवारी फळी मारली.

जे आधी दिसलं नाही

पहिले तीन-चार महिने मला वाटलं की झकास चाललंय. स्टॉक बरोबर, बिलं बरोबर.

पावसाळ्यात मासेमारी बंद असते, तेव्हा घरात रोकड नसते. भाऊंच्या काळात ह्या दिवसांत वहीवर उधारी चालायची आणि नारळी पौर्णिमेनंतर फिटायची, कधी पैशाने, कधी पापलेटाने. नवीन मेडिकलात बिल मशीनवर निघायचं. मुलीची चूक नव्हती, तिला कोणी सांगितलंच नव्हतं. लोक महिन्याच्या गोळ्यांऐवजी पाच गोळ्या कापून न्यायला लागले, मग पाच दिवसांनी आलेच नाहीत.

ऑगस्टमधे एका तांडेलाला, म्हणजे होडीच्या म्होरक्याला, अर्धांगाचा झटका आला. प्रेशरचा जुना पेशंट. गोळी दीड महिना बंद होती. घरी विचारलं तर बायको म्हणाली गोळीचा रंग बदलला, आधी पांढरी होती, ही पिवळी दिली, ती दुसऱ्याच कसलीतरी म्हणून बाजूला ठेवली. औषध तेच होतं, कंपनी बदललेली. हे ऐकून मी भाऊंकडे बघितलं. ते हळूच म्हणाले, "मी रंग बदलूक देय नव्हतंय." म्हणजे घाऊक व्यापाऱ्याकडून दुसरी कंपनी आली तर ते परत पाठवायचे, आणि अगदीच इलाज नसला तर त्या पेशंटला जुनी आणि नवी गोळी तळहातावर शेजारी शेजारी ठेवून दाखवायचे. चाळीस वर्षं हे चालू होतं आणि ना वडिलांनी मला सांगितलं ना मी कधी बघितलं.

त्या रात्री जुने केसपेपर काढून बसले. प्रेशर-शुगरचे जे दर महिन्याला हमखास यायचे त्यातल्या पहिल्या गठ्ठ्यातच सात-आठ जण पावसाळ्यापासून आलेले नव्हते. भाऊ बाहेरच्या बाकावर नंबर लावत बसले होते, त्यांना हे दिसत होतं, पण त्यांचं काम आता नंबर लावणं होतं. मी विचारलं तुम्ही बोललात का नाही. म्हणाले, "माका वाटला, आता ता तुमच्या कंप्युटरात येता आसतला."

हा तांडेल वाचला, पण डावा हात पुरता आला नाही, होडी मुलाकडे गेली. प्रेशरची गोळी चालू असती तर झटका आलाच नसता असं मी छातीठोक म्हणू शकत नाही, तरी दीड महिना ती बंद राहिली ह्याची जबाबदारी माझ्याकडे येते.

दुसऱ्यांदा बसून ठरवलं

ह्या वेळी तिघं बसलो, मी, भाऊ आणि फार्मासिस्ट मुलगी. भाऊंना परत औषध द्यायला बसवणं शक्य नव्हतं आणि मला ते नकोही होतं. मग औषध देणं मुलीकडे राहील आणि औषध सांगणं भाऊंकडे, असं ठरलं. मेडिकलच्या दाराबाहेर एक बाक टाकला. पेशंट औषध घेऊन बाहेर आला की भाऊंच्या शेजारी बसणार, भाऊ स्ट्रिपवर मार्करने सूर्य-चंद्र काढणार, त्याच्याकडून वदवून घेणार, जुन्या गोळ्या मोजणार, घरी डोंबिवलीची-विरारची अजून कुठली स्ट्रिप पडलीय का ते विचारणार. शंका आली तर स्वतः उत्तर द्यायचं नाही, माणसाला परत आत पाठवायचं, हा नियम त्यांनीच सांगितला.

ह्या जागेला काय नाव द्यायचं ते आम्हाला सुचलं नाही. पगाराच्या वहीत मदतनीस लिहिलं.

मुलीने एक कंपनी ठरली की वर्षभर तीच मागवायची असं ठरवलं, आणि बदललीच तर बिलाला लाल खूण, म्हणजे भाऊ समजायचे की रंग बदललाय. पावसाळ्याची उधारीची वही परत आली, मशीनच्या शेजारी. दिवाळीपर्यंत त्या सात-आठ जणांतले दोघं सोडले तर बाकीचे परत यायला लागले, त्या दोघांतला एक मुंबईला कायमचा गेला होता.

भाऊंच्या पैशाचं

हे लिहायचं की नाही ह्यावर घरात वाद झाला, पण ह्याशिवाय प्रकरण पुरं होत नाही. ४३ वर्षं काम केलेल्या माणसाला पीएफ नव्हता, ग्रॅच्युइटी नव्हती. १९७२ चा ग्रॅच्युइटीचा कायदा दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी लागायचा, आमच्याकडे इनमिन तीन. म्हणजे कायद्याने आम्ही काही देणं लागत नव्हतो. कोकणातल्या आणि बाहेरच्याही जवळजवळ सगळ्या खाजगी कंपाउंडरांचं हेच झालं, काम गेलं तेव्हा हातात काही नाही.

भाऊ २०१४ मधे गुडघ्यांमुळे थांबले तेव्हा आम्ही कायद्याचाच हिशोब धरला, वर्षाला १५ दिवस, महिन्याचे दिवस २६, म्हणजे जवळपास २५ पगार. एकदम देणं जमलं नाही, दोन वर्षांत हप्त्याने दिले. वडिलांनी दर महिन्याला थोडं थोडं बाजूला टाकलं असतं तर ह्याच्या दुप्पट झालं असतं. त्यांना मी हे बोलले तेव्हा ते गप्प बसले, आणि नंतर त्यांनी स्वतःच्या खात्यातून भाऊंच्या नातीच्या नर्सिंगची फी भरली.

परत तीच वेळ आली तर

सुट्या गोळ्या आणि बिननावाच्या पुड्या बंद करण्याचा निर्णय मी पुन्हा तोच घेईन, फक्त दोन वर्षं थांबणार नाही. काकींचं नशीब चांगलं होतं.

पण काम बंद करायच्या आधी महिनाभर भाऊंच्या खिडकीजवळ बसेन. वही घेऊन. ते काय देतात ते नाही, काय बोलतात ते लिहीन. कुणाला कुठल्या दिवशी यायला जमतं, कोणाचा मुलगा दारू पितो म्हणून गोळ्या शेजारणीकडे ठेवायच्या, कोण उपास लपवतं. नवीन फार्मासिस्टला स्टॉकच्या याद्यांच्या आधी ती वही देईन. आणि ती दोघं निदान दोन महिने शेजारी शेजारी काम करतील अशी व्यवस्था करेन, दोन पगार पडले तरी. मी ते पैसे वाचवले आणि तांडेलाच्या घरच्यांनी त्याच्या कितीतरी पट दवाखान्यात घातले.

सांगण्याऐवजी विचारेन हेही आहेच. "खिडकी बंद करतलास?" हा प्रश्न होता, मला तो निरोप वाटला. तेव्हाच विचारलं असतं की भाऊ, खिडकीतून अजून काय काय जातं, तर कदाचित सगळं तिथेच बाहेर आलं असतं.

एक गोष्ट अजून माझ्या मनात नीट बसलेली नाही. भाऊंच्या बाकामुळे माझी स्वतःची सवय बिघडली का? मी पेशंटला नीट सांगतच नव्हते, कारण बाहेर भाऊ आहेत. ते गेल्यावर मला रोजचे वीस मिनिटं तरी जास्त लागायला लागले, आणि तेव्हा कळलं की हे काम डॉक्टरचंही होतं, आणि वडिलांनी अन् मी मिळून चाळीस वर्षं ते खिडकीपलीकडे ढकललं होतं.

आजची स्थिती

भाऊ घरी आहेत, ओसरीवर बसून जाळी विणतात. शिंगाळ्याचा काटा लागला की अजून कोणी ना कोणी आधी त्यांच्याकडे जातं, ते कढत पाणी करून हात बुडवतात आणि मग माझ्याकडे पाठवतात.

बाकावर आता फार्मासिस्ट मुलगीच येऊन बसते, दुपारी गर्दी ओसरली की. सूर्य-चंद्र तीच काढते. मार्करचा चंद्र पावसात ओल्या हाताने पुसला जातो म्हणून वर सेलोटेप लावते, ही युक्ती तिची स्वतःची. ह्या मे महिन्यात तिचं लग्न आहे, मुलगा कुडाळचा, ती तिकडे जाणार. जाहिरात फेब्रुवारीतच दिली, नवीन मुलगा १ मार्चपासून येतोय. १५ मेपर्यंत दोघांचाही पगार चालू राहील, पहिला महिनाभर त्याने बाकावरच बसायचं असं मी सांगितलंय, आणि आठवड्यातून दोनदा दवाखाना सुटला की मुलगी त्याला भाऊंच्या ओसरीवर घेऊन जाणार आहे. भाऊंना विचारलं. म्हणाले, "हाड (आण) त्येका. येताना त्या खाचेच्या पट्ट्यांची कात्री पण घेवन ये, गंजली आसतली."